रेग्युलेटर बघ जरा

सोयाबीन गुडघ्याला लागलं आणि पावसानं चार दिवस उघडीप दिली, की आमच्याकडं पाठींचा मोसम सुरू होतो. कॅलेंडरात त्याला श्रावण म्हणत असतील. शिरड शहापूर सोडून आमच्या गावाकडं वळलं, की दोन्ही बाजूंच्या शिवारात नुसती घूं घूं ऐकू येते. ज्याच्या त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप. बॅटरीचे पंप आले, दांडा मारून मारून हात भरून यायचे ते दिवस गेले, पण औषधपाण्यानं भरलेली टाकी काही हलकी झाली नाही. ती पाठीवर घ्यायला दुसरं माणूस लागतंच. घेणाऱ्यानं बांधावर टेकायचं, पट्ट्यांत हात घालायचे, "दे" म्हणायचं, आणि देणाऱ्यानं मागून बूड उचलायचं. त्या एका क्षणात दोघांचा दम एक व्हावा लागतो. नाहीतर औषध मानेवर सांडतं.

एकोणीस वर्षं मी यांच्या पाठीवर पंप देत आलेय. गावातल्या बायांची ब्लाउजं शिवते, त्यामुळं निम्म्या गावाच्या पाठी माझ्या टेपाखालून गेल्यात. पण पुरुषाची पाठ मला एकच पाठ आहे. यांचा डावा खांदा अर्धं बोट खाली आहे. पट्टा त्या बाजूनं सरकतो आणि हाडाला घासतो. हे माझ्या लक्षात यायला लग्नानंतर दोन फवारण्या जाव्या लागल्या. तेव्हापासून डाव्या पट्ट्याखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवते. यांनी कधी ठेव म्हटलं नाही, मीही कधी विसरले नाही. संसारात कुठं कुठं काय काय कमी पडलं ते सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही, पण ही पाठ माझी होती. तिथं दुसऱ्या कुणाचं काम नव्हतं.

मत्सर हा शब्द पुस्तकात बरा दिसतो. आम्ही जळणं म्हणतो. मागच्या वर्षी याच दिवसांत मी जळले, आणि कुणावर जळले ते सांगितलं तर तुम्ही हसाल.

दोन वर्षांमागं यांचा लहानपणापासूनचा दोस्त दत्ता धरणाच्या पाण्यात उतरला. मोटारीच्या पाइपात गाळ अडकला होता, तो काढायला. वर आलाच नाही. हे पोहण्यात पटाईत. निरोप मिळाला तसे धावत गेले आणि एकामागून एक बुड्या मारत राहिले. तीन पुरुष पाणी. छातीत श्वास कोंडून माणूस किती वेळ तळाशी राहणार? नाकातून रक्त आलं तेव्हा चौघांनी धरून बाहेर ओढलं. तिसऱ्या दिवशी दत्ता आपोआप वर आला. त्यानंतर कितीतरी दिवस हे जेवताना मधेच थांबायचे आणि म्हणायचे, "मी बुडाशी पोचलोच न्हाई, मंगल." मी ताटात भाकरी वाढायची. दुसरं काय करणार?

म्हणून मागच्या वर्षी तालुक्यानं शोध आणि बचावाचं पथक काढायचं ठरवलं, पाठीवर हवेचा सिलेंडर लावून पाण्याखाली उतरायला शिकवणार म्हणून कळलं, तेव्हा पहिलं नाव यांनी दिलं. तीन आठवडे धरणावर शिकवणी. शेवटी जो खोल पाण्यात पास होईल तोच तळाशी उतरणार, बाकीचे काठावर. घरात नवी गाडी यावी तसे हे खूश होते. मला तर वाटलं, चला, आता माणूस धड जेवेल.

शिकवायला कोकणातले सर आले होते. उन्हानं रापलेले, आवाज मात्र शाळामास्तराचा. त्यांचा पहिलाच नियम असा की आपलं सामान आपण जोडायचं. सिलेंडरला जाकीट बांधायचं, त्यावर नळ्यांचा तो पितळी गड्डा बसवायचा, कॉक उघडायचा, काटा बघायचा, श्वास घेऊन बघायचा, आणि हे सगळं ज्याचं त्यानं. मी पहिल्या दिवशी डबा घेऊन गेले होते. दगडी उतारावर दहा-बारा जणांतले निम्मे आपापल्या सिलेंडरशी झटत होते आणि बाकीच्यांचे हात नुसते शिवशिवत होते. आमच्याकडं माणूस ओझ्याला हात घालतो आहे आणि शेजारचा बघत उभा आहे, असं चित्र कुणी जन्मात बघितलेलं नाही. कुणी वाकला की दोघं धावायचे. सर ओरडायचे, "हात मागे! हात मागे!"

पथकातले एक वयस्क मामा होते, त्यांना राहवलं नाही. "सर, असं बघत ऱ्हायलो तर लोकं तोंडावर बोलतील की. माणूस तकलीफ करून राहिला अन् आमी काय पाटावर बसावं?"

"मामा, ओझं द्या कुणाच्याही हातात," सर म्हणाले. "पण पाण्याखाली गेल्यावर हवा आली नाही, तर कुठली गाठ कुणी बांधली हे आठवत बसणार का? आपण जोडलेलं असलं तर हात आपोआप तिथं जातो."

मला ते इतकं पटलं, इतकं पटलं की घरी येऊन मी त्याच्यावर भाषण दिलं. आपल्या लोकांना सवयच लागलीय, येता-जाता दुसऱ्याच्या कामात हात घालायची. हे निमूट ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मग उद्यापासून पंप बी मीच घेतो पाठीवर. बांधावर ठिवून घेता येतोय."

"तो वेगळा," मी म्हटलं.

"काहून वेगळा?"

मी तवा घासायला घेतला.

पण सरांच्या नियमाला दुसरी बाजू होती, ती मला उशिरा कळली. जोडायचं आपण, तपासायचं मात्र दुसऱ्यानं. समोरासमोर उभं राहायचं आणि एकमेकांचं सगळं डोक्यापासून पायापर्यंत बघायचं. दोघादोघांच्या जोड्या. तिसऱ्या दिवशी सरांनी कागदावरून नावं वाचली. "गजानन. तुमची जोडीदार, शीला."

जोडीदार! बरं, दुसरा शब्द नव्हता का मराठीत? सोबती म्हणा, साथीदार म्हणा. जोडीदार हा शब्द आमच्याकडं लग्नाच्या बायोडाटात असतो, खाली, अपेक्षांच्या रकान्यात. मी डबा उघडत होते, झाकण हातातून दगडावर पडलं आणि खणखणत पाण्यापर्यंत गेलं. सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

शीला कोण म्हणाल तर औंढ्याकडच्या एका तांड्यावरची. होमगार्डमध्ये होती. दोन लेकरांची आई, नवरा ऊसतोडीच्या मुकादमाकडं कामाला. काळीसावळी, दणकट, बोलणं कमी. यांना भाऊ म्हणायची, मला वैनी. दिसायला म्हणाल तर माझ्यापेक्षा काही फार उजवी नव्हती. तसलं काही तिच्या मनात नव्हतं, यांच्याही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग? तसलं काही असतं तर मी चार बायांत बसून तिचा उद्धार केला असता आणि मोकळी झाले असते. इथं कुणाला काय सांगणार? की ती माझ्या नवऱ्याचा पट्टा तपासते?

तपासायची मात्र अशी, की बघवत नसे. एक बोट पुढं करून एकेक जागेवर टेकवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "पट्टा. काटा. नळी. हवा." हे लेकरासारखे हात वर करून उभे. मग यांनी तिचं तसंच बघायचं. घरात शर्टाचं बटण तुटलं तर चार दिवस कळत नाही या माणसाला, आणि तिथं तिचा काटा किती अंकावर आहे ते मोठ्यानं वाचून दाखवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी सावलीला बसून डब्याच्या पिशवीची शिवण उसवायची आणि संध्याकाळी घरी येऊन परत घालायची.

आठव्या दिवशी तिनं मागं उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा डावा पट्टा सरकून राहिला. खांदा उतरता हाय तुमचा." मग स्वतःच्या गळ्यातला रुमाल काढला, घडी केली आणि यांच्या हातात दिली. "हे घाला खाली. मी लावनार न्हाई, सर वरडतील."

आठ दिवसांत! मला दोन फवारण्या लागल्या होत्या. आणि बघा, तिनं हातसुद्धा लावला नाही, घडी यांच्या हातात दिली. मदत करायची आणि हातही लावायचा नाही, हे मला कधी जमलंच नसतं. त्या दिवशी मी जेवले नाही. हे म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, डोकं दुखतंय. एवढी जुनी सबब, पण यांनी गोळी आणून दिली आणि झोपले.

आता या वर्षी शिवारातली ती घूं घूं ऐकत मशीनवर बसले की मी पुष्कळ विचार करते. आपलं सगळं आपण करणारा माणूस लोकांना ताठ वाटतो आणि ज्याला त्याला हात लावू देणारा भोळा. पण करणाऱ्याचं काय? मी यांच्या पाठीवर पंप द्यायची तो यांच्यासाठी की माझ्यासाठी? हे जर एके दिवशी बांधावर पंप ठेवून एकटेच उभे राहिले असते, तर वजन यांचं वाचलं नसतं, पण मी रिकामी झाले असते. कुणाला तरी आपली गरज आहे, याची चटक लागते माणसाला. ती चटक मोडायला आली म्हणून मला शीला खुपत होती. आज हे असं मांडून सांगता येतंय. तेव्हा नुसती आग होती.

शिकवणीचे चार दिवस उरले होते. त्या दिवशी खोल पाण्यात पहिल्यांदा उतरायचं होतं, दोरीच्या आधारानं, जोडीजोडीनं. सर नावेत, दोरीजवळ. मी पोचले तेव्हा यांचं सगळं जोडून, तपासून झालं होतं. श्वासही घेऊन बघितला होता. शीला थोडी पलीकडं दगडावर बसून पायात ते रबरी बदकाचे पाय चढवत होती. हे पाठमोरे, सिलेंडर लावून उभे. आणि डावा पट्टा सरकलेला.

मी डबा खाली ठेवला आणि सरळ गेले. पट्टा ओढला, घडी नीट केली. तिचाच रुमाल होता तो, पण हात माझा होता. शीलानं मान वर करून बघितलं. मग परत पाय चढवायला लागली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

हे मागं न बघता म्हणाले, "रेग्युलेटर बघ जरा."

तोंडात धरायची ती नळी, तिला तिथं रेग्युलेटर म्हणायचे. ती मागं लोंबत होती, मातीला लागते आहे का ते बघ, एवढंच यांना म्हणायचं होतं. पण आमच्या घरात हा शब्द एकाच वस्तूचा. गॅसच्या सिलेंडरवरचा. आणि या वाक्याचा अर्थही एकच. कुठंही निघालो, वसमतला लग्नाला की नरसीला दर्शनाला, कुलूप लावायच्या आधी हे दारातून विचारणार, "रेग्युलेटर बघितला का?" म्हणजे बंद केला का. एकोणीस वर्षं मी आत जाऊन हात लावून बघत आलेय आणि उघडा सापडला तर बंद करत आलेय. समोर सिलेंडर, सिलेंडरच्या डोक्यावर कॉक, आणि यांचा तोच आवाज. माझ्या डोक्यानं काही ठरवलंच नाही. हात गेला. कॉक उघडा होता. मी तो फिरवून चांगला घट्ट बंद केला.

"बघितला," मी म्हटलं.

"बराबर," हे म्हणाले आणि पाण्यात चालत गेले.

शीला मागोमाग गेली. दोघांची डोकी पाण्याखाली गेली. वर बुडबुड्यांचे दोन झुबके, एक यांचा, एक तिचा. मी काठावर उभी राहून यांचा कोणता ते ओळखत होते आणि मनात म्हणत होते, उतर बाई उतर, आजचा पट्टा मी बांधलाय. मग एक झुबका थांबला. मला त्याचा अर्थ कळला नाही. नळ्यांत साठलेली हवा चार-दोन श्वास पुरते आणि मग संपते, हे मला कुणी सांगितलं होतं?

एकदम पाणी फुटलं आणि दोघं वर आले. छातीला छाती. तिच्या सिलेंडरला जोडीदारासाठी म्हणून एक जादा पिवळी नळी असते, ती यांच्या तोंडात. तिची मूठ यांच्या पट्ट्यात आवळलेली, यांचे दोन्ही हात तिच्या दंडाला. खोटं कशाला बोलू, मला आधी राग आला. नवरा मरता मरता वाचला होता आणि मी बघत होते की त्यानं तिला कसं धरलंय. मग यांनी नळी थुंकून खोकायला सुरुवात केली. डोळे लाल, ओठ निळे. शीला यांच्या कानाशी काहीतरी बोलली. सर नाव वल्हवत येत होते आणि मी साडीसकट कमरेएवढ्या पाण्यात कधी गेले ते मला आजही आठवत नाही. पोहता येत नाही मला.

काठावर आल्यावर सरांनी पहिला हात कॉकला घातला. मग सगळ्यांकडं बघितलं. "कॉक कुणी बंद केला?"

तेव्हा मला कळलं. शीला माझ्याकडं बघत होती. यांच्या पाठीशी गेलेला माझा हात तिनं बघितला होता.

"मीच केला, सर," हे म्हणाले. "सवयीनं फिरवला."

"मी बी मंग पुन्हा तपासलं न्हाई," शीला म्हणाली. "माझी बी चूक हाय."

सरांनी कॉक परत उघडला. मग शांतपणे म्हणाले, "शीला, तुम्ही उद्या पहिल्यापासून सगळं परत करून दाखवायचं. गजानन, तुम्ही पथकात राहा, पण दोरीवर. काठावर. स्वतःची हवा बंद करून उतरणाऱ्याला मी तळाशी पाठवू शकत नाही."

हे "बरं सर" म्हणाले. एवढंच. दत्ता गेल्यापासून ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस जगत होता, ती माझ्या दोन बोटांनी काढून घेतली, आणि मी मूग गिळून उभी होते. घरी जाताना मी स्कूटी चालवत होते आणि हे मागं बसले होते, ओले. अर्ध्या रस्त्यात म्हणाले, "डब्यात काय होतं गं?"

"वांगं," मी म्हटलं.

पण एक सांगते. त्या सगळ्या वाटोळ्यातून मला एक गोष्ट मिळाली आणि ती मी वर्षभर जिवापाड सांभाळली. हे माझ्यासाठी खोटं बोलले. दहा-बारा माणसांसमोर, स्वतःचं नुकसान करून, क्षणभरही विचार न करता. उभ्या जन्मात कधी कौतुकाचा शब्द न बोललेला माणूस! शीलानं श्वास दिला असेल, पण यांनी नाव वाचवलं ते माझं. शीलाचा विषय निघाला, की मी ही गोष्ट मनातल्या मनात काढून बघायची. मग जरा थंडावा वाटायचा.

आणि विषय तर सारखाच निघतो. दहा दिवसांमागं शेजारच्या गावचा एक माणूस कालव्याच्या तोंडाशी बुडाला. शीला तळाशी उतरली आणि अर्ध्या तासात त्याला घेऊन वर आली. जिवंत नव्हता, पण घरच्यांना तीन दिवस पाण्याकडं बघत बसावं लागलं नाही. काठावर तिची दोरी धरून हे उभे होते. दोरीला एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे ओढा. तिनं खाली बोट हलवलं तरी यांना वर कळतं, असं पथकातले लोक सांगतात. मी शेजारी बसून तीनदा हाक मारली तरी यांना ऐकू येत नाही. पेपरात फोटो आला, त्यात शीला आणि कडेला यांच्या हाताचा कोपरापर्यंतचा तुकडा. हे तो फोटो हातात घेऊन म्हणाले, "दत्ताच्या वक्ताला ही असती तर." डोळ्यांत पाणी होतं यांच्या. तिच्यावर राग नाही, हेवा नाही, काही नाही. तिच्या जागी आपण असतो, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नसावं. माझ्या आलं. माझ्या रोज येतं.

म्हणून काल दुपारी मी ठरवलं, की आता बोलायचं. आपण एवढं मोठं केलं आणि बायकोनं साधं कबूलही केलं नाही, असं यांना वाटत असेल. हे ओट्यावर बसून बशीत चहा ओतत होते. मी मशीन थांबवली.

"अहो, तो कॉक मी बंद केला होता."

"माहिती हाय की."

"मग सरांना तुमी केला म्हणून काहून सांगितलं?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, फक्त एकदा यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

यांनी बशी तोंडाला लावली, घोट घेतला. "मी कुठं सांगत होतो? मी तर मंगलनं हात लावला म्हणून सांगणारच होतो. पाण्यातून डोकं वर काढलं तशी शीलाच म्हनली, भाऊ, वैनीचं नाव घेऊ नका, जन्मभर जिवाला लावून घेतील. मला कुठं सुचतंय तवा? म्हणलं, बरं."

आणि उरलेला चहा प्यायले.

मी मशीन सुरू केली. समोर कुणाचं तरी ब्लाउज होतं, त्याच्यावर शिवण घालत गेले. कापड संपलं तरी सुई चालूच होती. एवढी एक गोष्ट तरी यांनी आपल्या हातानं केली असेल, असं मला वर्षभर वाटत होतं.